वाडीचा आहेर

सातवीनंतर माझी शाळा सुटली. त्यामुळे इंग्रजीत काही आलं की मी ते वरच्या मजल्यावरच्या ताईला दाखवायला नेते. ती गिरगावातून इथे भाईंदरच्या नवघरला राहायला आलेली, ऑफिसात जाणारी. इतक्या वेळा गेले, पण तिने कधी दार अर्धं उघडून बोलणं केलं नाही. माझं ऑनलाइन दुकानही तिनेच उभं केलं. फणसपोळी, तळलेले गरे, कोकम, कुळथाचं पीठ. राजापूरच्या पलीकडे माझं माहेर. तिथल्या वाडीतल्या बायका माल करायच्या, तो खाजगी बसने काशीमीऱ्याला यायचा आणि नवरा गोदामातल्या कामावरून येताना पोती उतरवून आणायचा.

त्याआधी मी स्टीलच्या चमच्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. खोकला धरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा, नाहीतर माझ्याकडे येणंही सोडा. सोडलं. शेठ भला माणूस, त्याने गणपतीपर्यंत माझी जागा ठेवतो म्हणून सांगितलं. त्या शब्दाचा आधार वाटायचा आणि त्याच शब्दाने धडकीही भरायची. दुकान गणपतीपर्यंत पायावर उभं राहिलं नाही, तर पुन्हा ते मशीन.

आणि दुकान उभं राहत नव्हतं. पैसे माल हातात आल्यावर द्यायचे, अशी आमची पद्धत. कुरियरवाला दारात जायचा तेव्हा कुणी घरात नसायचं, कुणी म्हणायचं आता नको. पार्सल फिरून माझ्याकडे. दोन्हीकडचं भाडं माझ्या डोक्यावर, आणि पोळी तोवर घामेजून वास मारायला लागलेली.

तेव्हा ताई म्हणाली, मध्ये एक कंपनी घेऊ. गिऱ्हाईक मागवतानाच पैसे भरेल, ते कंपनीकडे जातील, कंपनी आपल्याला देईल. मी विचारलं, मधला माणूस कशाला? ती म्हणाली, "अगं, गिऱ्हाईक तुला कुठे ओळखतं? ते कंपनीला ओळखतं." हे मला फार पटलं. इतक्या लांब, या गर्दीत, माझ्यासाठी कुणीतरी जामीन राहणार होतं.

एका रविवारी तिने सगळी कागदपत्रं चढवली. माझा फोटो तीनदा काढावा लागला, कारण मी श्वास रोखून बसत होते. कंपनीने होकार दिला. फोनवरून ऑर्डर देणाऱ्यांसाठी ताईने एक वेगळं पानही केलं, त्यात रक्कम भरणाऱ्याने स्वतः लिहायची. मी आईला फोन करून सांगितलं, आता दुकान खरं सुरू झालं. चुलतभावाला ते पान पाठवलं, आईला दाखव म्हणून.

आमच्या वाडीत कुणी दुकान काढलं, की घराघरातून माणूस जातं. नारळ ठेवतं, हातात आहेर देतं, चहा पिऊन येतं. त्या दिवशी कुणी काही विकत घेत नाही. पहिल्या दिवशी देऊन यायचं असतं. भाईंदरला त्यांना येता येत नव्हतं. चुलतभाऊ देवळाच्या पायरीवर बसला, तिथेच काय ती रेंज येते. एकेकाने त्याच्या हातात अकरा, एकवीस, एकावन्न ठेवले आणि त्याने आपल्या फोनवरून ते एकेक करून माझ्या दुकानात भरले. प्रत्येकासमोर नाव लिहिलं, पुढे 'आहेर'. दुपारभर माझा फोन टिंगटिंगत होता. मी भाजी निवडायची सोडून रडत बसले. नवरा म्हणाला, "गिऱ्हाईक येवो न येवो, तुझं माहेर मात्र पोचलं बघ."

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसला निघण्याआधी लॅपटॉप घेऊन खाली आली. कंपनीने खातं अडवलं होतं. एकाच फोनवरून एवढे भरणे, लागोपाठ, आणि कुणालाच माल गेलेला नाही. हा काय व्यवहार आहे, प्रत्येकाचं बिल आणि कुरियरची पावती पाठवा. मला वाटलं, आता पोलीस येणार. ताईने पाणी दिलं आणि सांगितलं, असं काही नसतं.

ती म्हणाली, सगळ्यांना थोडे थोडे गरे पाठवून देऊ, पावत्या होतील. पण गरे तर त्यांनीच तळून पाठवलेले. काकूचे गरे काकूलाच विकायचे? दोघींनाही हसू आलं. त्या सगळ्यात तेवढंच हसलो. मग तिने खरं तेच लिहिलं, इंग्रजीत, नीट समजावून: हा आमच्याकडचा रिवाज आहे, ही माणसं गिऱ्हाईकं नाहीत, घरची आहेत. मी बाजूला हात जोडून बसले होते, जणू स्क्रीनच्या मागे कुणी साहेब आहे. उत्तर आलं ते आधीचंच, शब्दाला शब्द; ताई म्हणाली, ही उत्तरं मशीनच देतं. ताईने पुन्हा लिहिलं. मग कंपनीने खातं बंद केल्याचं कळवलं आणि पैसे जिथून आले तिथे परत धाडले.

जिथून आले तिथे, म्हणजे चुलतभावाच्या खात्यात. तो सरळ माणूस. ज्याचे त्याला द्यावेत म्हणून तो घरोघर फिरला, दारात उभं राहून एकेकाच्या हातावर एकेकाचा आहेर परत ठेवला. त्यात आपण काय करतोय हे त्याला कळलं नाही, आणि मला कळलं तेव्हा त्याची सगळी वाडी फिरून झाली होती.

मी आधी काकूला फोन लावला. फणसपोळी तिच्यासारखी कुणाची होत नाही, आणि लहानपणी आई मजुरीला जायची तेव्हा मी तिच्याच घरी जेवलेली. कंपनी, मशीन, नियम, जे मला समजलं होतं ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मशिनीनं केलान म्हणतेस. असंल गो. पण माझ्या दारात तर परत आला ना?"

"काकू, मी नाही पाठवला."

"मग ठेवूनपण नाय घेतलास," ती म्हणाली, आणि गुरं सुटल्येत म्हणून फोन ठेवला.

आई सांगते, ती घरोघर जाऊन समजावतेय. लोक मान डोलावतात, चहा देतात. पण पुढच्या बसला पोती आली नाहीत. पोळ्या यंदा रत्नागिरीच्या व्यापाऱ्याला दिल्या म्हणे, तो दारातून उचलतो. ताई दुसऱ्या कंपनीचं बघते म्हणाली. तिचे उपकार मी कुठे फेडू? पण विकायला माझ्याकडे आता आहे काय?

गणपतीच्या आधल्या आठवड्यात मी कारखान्यात गेले. शेठने जागा खरंच ठेवली होती, तेच मशीन, खिडकीपासून लांबचं. मी त्याचे आभार मानले, मनापासून. तोंडाला रुमाल बांधला आणि चमचे हातात घेतले.