डोक्यावरचा पत्रा

हौसा गेल्याचा तिच्या सुनेचा फोन आला, तवा ऐन चैतात अवकाळी पाऊस कोसळत व्हता. मला आधी रडू न्हाई, हसू आलं. म्हनलं, बाईनं दिवस बरा निवडला...

चाकणकडं एका कंपनीत आमी दोघी झाडलोट करायचो. गाव एकच, वस्ती एकच. गावच्या मसनवट्यात पत्र्याची शेड व्हती, पन ती आमच्या जातीला न्हाई. आमची मानसं वढ्याकाठी, उघड्यावर जाळायची. हौसाचा नवरा गेला तो पावसातच. कंपनीतला पॅकिंगचा प्लास्टिक कागद आमी चौघींनी चितेवर धरला. धगीनं तो पाघळला, हौसाच्या मनगटावर सांडला. तिनं कोपरा सोडला न्हाई. नंतर कागदाची घडी घालून माळ्यावर ठिवली. म्हनली, "लागंल कुनाला."

पुढं आमच्यासारख्यांसाठी झगडनाऱ्या एका संस्थेनं तिला हे सांगायला जिनिव्हाला न्हेलं. देशादेशांच्या सरकारांना जाब इचारनारी युनोची समिती तिथं बसती. थंडी म्हनून ही कंपनीचे सेफ्टी शूज घालून गेली. त्यात लोखंड, इमानतळावर मशीन बोंबललं. समितीतल्या बाईनं दुभाष्याकडनं इचारलं, "तुमाला आडवतं कोन?" हौसा म्हनली, "कोनी न्हाई. समदे नुसते बघत ऱ्हातात."

समितीनं सरकारला इचारलं, सरकारनं खाली इचारलं, असं करत करत वरसानं साहेब गावात आलं. मसनवटा सगळ्यांचा, अशी पाटी लागली. सरपंच म्हनला, "हौसाआक्का, परदेशात जाऊन गावाची अब्रू काढली व्हय?"

"ती भिजतच व्हती भाऊ, तिला पत्र्याखाली घ्या म्हनलं."

पन पाटी लागली म्हनून पाय उचलत न्हाई. त्यानंतर वस्तीतलं दोघं गेलं, त्यांना फाट्यावरनं डावीकडं वढ्यालाच न्हेलं, उजवीकडं मसनवट्यात न्हाई. भ्या वाटायचं. हौसा चिडायची. "माझ्या टायमाला तरी उजवीकडं वळा ग," म्हनायची.

त्या दिशी फाट्यावर हौसाची तिरडी थांबली. सून पुढं व्हती, ती उजवीकडं वळली. मागनं आमी. गावातली मंडळी कडंला उभी, बघत. शेडमधी सरपंचाची मोटारसायकल, भिजू नये म्हनून लावल्याली. तो आमच्याकडं बघत ऱ्हायला... मग गुमान आला, गाडी ढकलत भाईर न्हेली, पावसात उभी केली. चिता कोरडी पेटली.

माळ्यावरचा कागद सुनेनं मला दिला. त्यावर मी आता कुरडया वाळत घालते. एक कोपरा पाघळून गोळा झालाय. तिथं कुरडई घालत न्हाई मी. तो हौसानं धरल्याला.