शून्यावर ठेवलेला एक नग

फोन आला तेव्हा मी बरकतपुऱ्यात एका गिऱ्हाइकाला सांगत होतो, की मी बसवलेल्या कॉम्प्युटरांवर निम्मं सिकंदराबाद चालतं. खरं तर बसवले होते चार, त्यातला एक बंद. माझा मित्र दिगंबर गेला हे ऐकलं, फोन ठेवला, आणि उरलेली थाप नीट पूर्ण केली... ऑर्डरही मिळाली. पाच आठवडे झाले, डोळे अजून कोरडे आहेत.

दिगंबरचं सिकंदराबादला पाण्याच्या पंपांच्या सामानाचं दुकान. बाजार खुला झाला, नव्या नव्या कंपन्यांचा माल येऊन पडू लागला आणि काय संपत आलंय हे त्याच्या डोक्यात मावेना. तेव्हा मी त्याच्या गळ्यात कॉम्प्युटर मारला. इतका जड, की जिना चढवायला तीन हमाल आणि एक आमदार लागला. आमदार सोडून द्या. विक्री नोंदवली की साठा आपोआप कमी व्हायचा, शून्य आलं की कारखान्याला मागणी जायची, असा माझा प्रोग्राम. पहिल्याच आठवड्यात भांडण. पडद्यावर मोटरचा स्टार्टर एक, फळीवरही एक, आणि दिगंबर गिऱ्हाइकाला म्हणतोय, संपला!

"अरे, हा काय समोर!"

"तो शेवटचा. शेवटचा विकायचा नाही. ज्याच्या घरचं पाणी बंद पडलंय त्याला तसाच वापरायला द्यायचा. त्याचा दुरुस्त झाला की आणून देतो."

"हे मशीनला कसं सांगू?"

"तू लोकांना चारमिनार हलवून दाखवतोस, एक वजा होत नाही तुझ्याच्यानं?"

झाला वजा. प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. फळीवर एक उरला की पडद्यावर शून्य. मागणी आधीच जाऊ लागली, दुकान कधी रिकामं पडलं नाही. मग मी नारायणगुड्यापर्यंत सांगत सुटलो, की ही अक्कल माझी. दिगंबर शेजारी बसून मान डोलवायचा. एकदाही खोडून काढलं नाही त्यानं...

परवा त्याच्या मुलानं, सुधीरनं, बोलावलं. "काका, स्टार्टरचं शून्य दाखवतंय आणि फळीही रिकामी आहे. शून्य म्हणजे फळीवर एक हवा, तो गेला कुठे? ती ओळ काढून टाका. आता सरळ मोजू." मी मशीनसमोर बसलो. ओळ सापडली. बोट बटणावर ठेवलं. काही वाटलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारा दारात आला, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. "साब हैं क्या? उनका स्टार्टर लाया मैं. मेरा बन गया."

सुधीरनं त्याला बाबा गेल्याचं सांगितलं. म्हाताऱ्यानं फडकं सोडलं. मग म्हणाला, "तो अब ये किसकू देऊँ?"

सुधीरनं हात पुढे केले, स्टार्टर घेतला, फळीवर ठेवला. पडद्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं.

"राहू द्या काका ती ओळ," तो म्हणाला. "तुमचीच युक्ती ना ही?"

"नाही," मी म्हणालो. "तुझ्या बाबांची."

पुढे एकही थाप जोडली नाही. फळीवर स्टार्टर होता. पडद्यावर शून्य.