गाळलेला श्लोक

ब्रह्मा घाटाजवळच्या पाठशाळेत मी वीस वर्षं संथा दिली. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं ऐकून दोनदा. एक अक्षर गळलं तरी माझा हात उठायचा. तापट म्हणून माझी ख्यातीच होती. आणि एका तापात माझेच दोन्ही कान गेले! पत्नी आधीच गेलेली. घरात मी आणि मुका रेडिओ. देवा, आता मला ठेवलंस तरी कशाला, असं रोज विचारायचो.

मुंबईला जाऊन ऑपरेशन करून कानात यंत्र बसवून आलो. तेव्हा ते अगदी नवीन होतं. कानामागून तार निघायची ती कमरेच्या डबीत. माणसं बोलली की पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटे. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी लिहून दिलं, ‘ऐकायला आता मेंदूला शिकवायचंय. कुणीतरी रोज, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरून वाचायचं, तुम्ही ऐकून म्हणायचं.’ वाचून हसू आलं. अहो, ही तर संथाच! पण देणारं कुणी हवं ना? भावजय आठ दिवस येऊन बसली. पुढे तिला तिचा संसार.

मग जुनी कॅसेट काढली, माझ्याच आवाजातलं विष्णूचं स्तोत्र. पंधरा दिवसांत शब्दन्‌शब्द कळू लागला. आनंदानं रडलो. तेवढ्यात दारात दूधवाला काही बोलला, आणि पुन्हा तेच खडे. तेव्हा उमगलं, मी ऐकत नव्हतोच. पाठ होतं ते आठवत होतो. पत्नी गेली त्या दिवशीही मी इतका एकटा पडलो नव्हतो.

तसाच तणतणत बालाजी घाटावरच्या देवळात गेलो आणि डोळे मिटून बसलो. मागे तेच स्तोत्र सुरू झालं. म्हटलं, झाला आठवणीचा खेळ सुरू. आणि एकदम माझा हात उठला. “एक श्लोक छूट गया!”

मग दचकलो. माझी आठवण श्लोक कसा गाळेल?

मागून आवाज आला, “अरे भैया, दाँत हिल रहा है, आज सब गड़बड़ है.”

हे तर मला पाठ नव्हतं! वळून पाहिलं. एक अनोळखी म्हातारी गाल धरून बसली होती. मला हुंदका आवरेना. सगळं सांगितलं, तशी तिनं पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, “रोज आ जाना. मैं बोलूँगी, तुम टोकना.”

कार्तिकभर ती आली. स्तोत्र सोडून सुनेच्या कागाळ्याच जास्त सांगायची. मी ऐकून म्हणायचो. मग ती गावी गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. तिला कुणी पाठवलं, हा वाद मी घालत नाही. मी देवाला जाब विचारणं सोडून गप्प बसलो तेव्हा ती बोलली, एवढं मला पुरे आहे.

अजूनही भरभर बोललेलं निम्मं निसटतं. पण पाठशाळेत पुन्हा बसतो. कुणी अक्षर गाळलं की आता हात उठत नाही. चूक ऐकू आली म्हणून मी आधी देवाला नमस्कार करतो.