उसवलेला खिसा

सिल्वानच्या कामाच्या विजारीचा खिसा उसवलेला आहे. बुधवारी धुणं वेगळं करताना माझ्या हाताला लागला, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

आमच्या गावच्या ऑगस्टमधल्या सणाचे औटगोळे गावाबाहेर, जुन्या दगडखाणीच्या कडेला एका खोलीत तयार होतात. तिथे सगळे फुकट राबतात. कोणी गवंडी, कोणी बँकेतला, कोणी शाळामास्तर. आत जाताना अंगावर सुती कपडे आणि खिशात काहीच नाही. किल्ल्या, नाणी, फोन, सगळं दारातल्या पेटीत ठेवायचं. एक ठिणगी पुरते. तरी माणूस विसरतो, म्हणून आम्ही बायका कामाच्या विजारींचे खिसे शिवूनच टाकतो. सासूबाई माझ्या नवऱ्याचे शिवायच्या, मी मुलाचे शिवते, जाड दोऱ्याने, दुहेरी टाका घालून. ती शिवण फाटलेली नव्हती. ब्लेडने एकेक टाका नीट कापून काढलेला होता.

सिल्वान एकतीस वर्षांचा आहे. कुठलीही गोष्ट अर्धवट करणं त्याला जमत नाही. शाळेत निबंधाला पुस्तक नेमलं की त्या लेखकाची सगळी पुस्तकं वाचून यायचा. खोलीचा प्रमुख विस्तिन त्याला इतर कोणाहीपेक्षा जवळचा, कारण विस्तिनचा नियम त्याला लहानपणीच पटला होता: जो गोळा भरतो, त्यानेच वात पेटवायची. आपण भरलेल्यापाशी आपण उभं राहायचं, दुसऱ्याला उभं करायचं नाही.

विद्यापीठातून इंग्रजी शिकून तो स्लीमा शहरातल्या एका ऑफिसात लागला. तिथे जुगार चालवत नाहीत. जुगाराच्या वेबसाइटांची ओळख लिहितात. ही बरी, ती टाळा, इथे पैसे लवकर परत मिळतात. ते वाचून कोणी तिकडे गेला आणि हरला, की त्या हरण्यातला वाटा ऑफिसला मिळतो. हे त्याने पहिल्यांदा जेवताना सांगितलं, तेव्हा माझा नवरा चेन्सू काटा खाली ठेवून म्हणाला, “म्हणजे लोक जिंकले तर तुम्ही उपाशी?”

“बाबा, लोक जिंकत नाहीत.”

आम्ही हसलो. मीही हसले.

पहिली चार वर्षं त्याने एक सेंटसुद्धा लावला नाही. त्याच्या वरच्या बाई फिनलंडच्या. त्या नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावतात, आपण दुकान दाखवायचं, आत शिरायचं नाही. त्याला ते सोयीचंच होतं. मग इंग्लंडमधल्या एका निवृत्त बसड्रायव्हरने त्याला लिहिलं, “इथे मजा येते असं तुम्ही लिहिलंय. कुणाला आली?”

पुढच्या रविवारी तो ताटातल्या सशाच्या रश्श्याकडे नुसता बघत बसला.

“मा, मी न चढलेल्या शिडीवर लोकांना चढवतोय.”

“मग शिडी दाखवणं सोड.”

“नाही. चढून बघतो. भरणाऱ्यानेच पेटवायचं ना?”

“तो नियम औटगोळ्यांचा आहे, सिल्वान.”

“तू दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये तो आकड्यांचा टोम्बला खेळतेस तेव्हा कुठला नियम असतो?”

“तिथे मी हरले तर फादरच्या छपराला कौलं लागतात. जिंकले तर तवा मिळतो.”

“तीन तवे झालेत घरात,” चेन्सू म्हणाला. “अंडं अजून एकच असतं.”

सुरुवातीला त्याचंच बरोबर ठरलं, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेबसाइटवर तो थोडे पैसे भरायचा, थोडं खेळायचा, उरलेले काढून घ्यायचा आणि जे घडलं तेच लिहायचा. दोन ठिकाणी पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली, ते त्याने नावानिशी छापलं. ऑफिसात कुरकुर झाली, पण त्या बसड्रायव्हरने आभार मानले. मी त्याचं लिखाण शेजारणीला वाचून दाखवलं होतं. न खेळता लिहिणाऱ्यापेक्षा खेळून लिहिणारा प्रामाणिक, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही त्यातला अर्धा भाग मला खरा वाटतो.

या वर्षी ईस्टरनंतर त्याच्या लिखाणातून पैसे काढून घेण्याची हकिगत गायब झाली. मी विचारलं तर म्हणाला, “चाचणी अजून चालू आहे.” चाचणी संपेचना. तो जेवता जेवता फोन मांडीवर ठेवू लागला. चुलत बहिणीच्या लग्नात, नवरी दारातून आत येत असताना, याचा अंगठा चालू. चालू सामन्यावर पैसे लावायचे असतात म्हणे, मिनिटामिनिटाला भाव बदलतो, नजर हलवून चालत नाही. झोप मोडल्याचं त्याच्या डोळ्यांवरूनच कळायचं.

आणि आता हा खिसा.

गुरुवारी तो कपडे न्यायला आला. मी शिवण पुन्हा घातली होती. विजार त्याच्यापुढे धरली.

“कोणी उसवला?”

“मीच. किल्लीसाठी.”

“किल्ली तर दारातच काढून ठेवता.”

त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “फोनचा आवाज बंद असतो, मा.”

“मग भाव कसा कळतो?”

“थरथरतो नुसता.”

“औटगोळ्यांच्या दारूशेजारी?”

“तुला या धंद्यातलं कळत नाही.”

“धंद्यातलं नसेल कळत. त्या खोलीत तुझ्या बाबांचा डावा कान कशाने गेला ते मला कळतं. त्या दिवशी त्यांच्या शेजारी कोण होतं, आणि कोण घरी परतलं नाही, तेही.”

त्याने विजार घडी करून पिशवीत टाकली. “विस्तिनकाकाला काही बोलू नकोस. तो मला सणापर्यंत आत घेणार नाही. माझा गोळा दुसरं कोणीतरी उडवेल. वर्षभर राबलोय मी त्याच्यावर. आठ रंग आहेत त्यात, मा. गावात विचारतील सगळे, सिल्वान कुठे म्हणून. तू सांगितलंस तर मी पुन्हा या घरात येणार नाही.”

तो चिडून बोलला नाही. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

चेन्सू म्हणाला, “पोराला मान खाली घालायला लावू नकोस. मी बोलतो.” तो बोललाही. सिल्वानने मान डोलावली. मान तो नेहमीच डोलावतो.

शिवण मी कितीही जाड घातली तरी ब्लेड त्याच्याकडे आहे. दारात विस्तिन सगळ्यांचे खिसे चाचपतो, सिल्वानचे सोडून. आपला माणूस म्हणून.

विस्तिनच्या नियमाचा दुसरा भागही आहे, तो सिल्वान विसरला. ज्याची भीती मेली, त्याला विस्तिन दारूला हात लावू देत नाही. बाहेर बसून रिकाम्या गोळ्यांवर कागद चिकटवायला लावतो. त्यात शिक्षा नसते, टोमणाही नसतो. कितीतरी जण वर्षभर कागद चिकटवून परत आत गेले आहेत. चेन्सूसुद्धा एक वर्ष बसला होता.

जुगाराकडे माणसं पाठवणाऱ्याने स्वतः खेळावं का, असं आज मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, खेळून बघावं, पण पैसे ऑफिसचे असावेत, शेजारी दुसरं माणूस बसलेलं असावं, आणि उरलेले काढून घेऊन उठता आलं पाहिजे. ज्याला उठता येत नाही त्याने खेळू नये, आणि तिकडे कोणाला पाठवूही नये. तो बसड्रायव्हर सिल्वानच्या शब्दावर कुठेतरी बसला असेल. ऑफिसातल्या त्या वरच्या बाईंनाही मी हे सांगणार आहे, सोमवारी, सिल्वानच्या समोर. पण ते नंतर. आज शनिवार आहे, आज खोली पुन्हा उघडते.

तो घरी येणार नाही, तर मी त्याच्या घरी जाईन. दार उघडलं नाही तर जिन्यात बसेन. माझ्यावर रागावलेला, दोन्ही हात शाबूत असलेला मुलगा मला चालेल. आठ रंगांचा गोळा पुढच्या वर्षीही उडतो.

विस्तिनचं स्वयंपाकघर आमच्या गच्चीसमोर आहे. खोलीकडे निघण्याआधी तो कॉफी ठेवतो. मी काय बोलायचं ते ठरवलं आहे, आणि ते फारसं लांब नाही: विस्तिन, सिल्वानला आज कागदाला बसव, आणि त्याचा उजवा खिसा बघ.

खिडकीत दिवा लागला आहे. चेन्सू उठायच्या आत मी फोन लावते.