हिचे मामा आणि कागदाचा रुपया

आमच्या हिच्या मामांइतकं पैशावर निरपेक्ष प्रेम करणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. निरपेक्ष अशासाठी म्हणतो, की पैसा आपल्याजवळ राहावा अशी त्यांची कधी अपेक्षाच नव्हती. तो हातात यावा, समोरच्या काळ्या दगडावर एकदा खणकन वाजावा आणि पुढच्याच्या हाती जावा, एवढ्यावर ते तृप्त असत. राहायला ते जव्हार संस्थानात होते आणि धंदा नाणी बदलून देण्याचा. त्या काळी लोकांच्या गाडग्यामडक्यांतून झिजलेले, भोक पाडलेले, कुठल्याकुठल्या टांकसाळींचे रुपये निघायचे. ते घेऊन चालू नाणं द्यायचं, रुपयाची मोड द्यायची आणि त्याबद्दल एखादा पैसा बट्टा कापून घ्यायचा, असा तो व्यवहार. बाजाराच्या आदल्या दिवशी ते टट्टावर थैली टाकून निघत, मोखाड्याला मुक्काम करत आणि सकाळी खोडाळ्याच्या बाजारात आंब्याखाली घोंगडी अंथरत. मी खोडाळ्याला शाळामास्तर, त्यामुळे संध्याकाळचं जेवण आमच्याकडे ठरलेलं.

त्यांचा सगळा विश्वास कानावर. रुपया डोळ्यांनी पाहणारा हमखास फसतो, असं ते म्हणत. हळूहळू ही सवय रुपयापुरती राहिली नाही. फणस, नारळ, पाण्याचा घडा, आमच्या घराची दारं, सगळं ते बोटाच्या पेराने वाजवून बघत. गावात ढोल वाजू लागला, की कानात कापूस कोंबून वेशीबाहेर जाऊन बसत. कुणी हसलंच तर म्हणत, "लोहार हात जपतो, मी कान जपतो. यात हसण्यासारखं काय आहे?" मला पाहायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "वाजवा." मी उंबऱ्यावर वाजवला. "कसा आहे?" मी म्हटलं, "छान आहे." तो निव्वळ शिशाचा होता. ते मागे वळून सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा सरळ आहे, कुणीही फसवील. पोरगी देऊन टाका, पण पैशाचा व्यवहार तिच्याच हाती राहू द्या." लग्न झाल्यापासून आमच्या घरात तसंच चालत आलं आहे.

धंद्याला खरी मारक अशी त्यांची सवय म्हणजे शिकवण्याची. मोड मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी खाली बसवत आणि विद्या देत. "भाव विचारल्याशिवाय मूठ उघडायची नाही. दोन ठिकाणी विचारायचं. आणि एक ध्यानात ठेव, ज्याला घाई त्यालाच बट्टा बसतो." डोंगरपाड्यावरचा एखादा माणूस हे ऐकून घेई आणि मुकाट्याने उठू लागे. "अरे, कुठं निघालास?" "तूच म्हनलास ना, दोन जागी इचारायचं." आणि तो खरोखरच समोरच्या वाण्याकडे अर्ध्या पैशाने स्वस्तात मोड घेऊन येई. मामांना त्याचा कोण आनंद! मामी म्हणायच्या, "यांनी सरळ शिकवणी काढली असती तर फी तरी मिळाली असती."

मग चौदा सालची युरोपातली लढाई लांबली, चांदी मिळेनाशी झाली आणि आमच्या भागात कागदाचा रुपया आला. त्यावर चांदीच्या रुपयाचं चित्र छापलेलं होतं. जंगलात लाकूड तोडणाऱ्यांना ठेकेदाराने मजुरीत ह्याच नोटा दिल्या, तेव्हा ते म्हणाले, "रुपया त्याच्यापाशी ठेवलान आन् आमाला चितर दिलान." मामांनी पहिली नोट घेतली, दगडाकडे पाहिलं, पुन्हा नोटेकडे पाहिलं आणि त्या दिवशी ते आमच्याकडे धड जेवलेसुद्धा नाहीत. तरी महिन्याभरात नाशिकला जाऊन नोट कुठे चालते, काय भावाने चालते, सगळं शिकून आले. "नोट सरकारची आहे, खरी आहे," ते मला म्हणाले, "फक्त बोलत नाही."

त्यानंतरचाच तो बाजार. सकाळीच आवई उठली, की कागदाचा रुपया बंद होणार आणि पुढच्या बाजारी त्याला कुणी विचारणार नाही. आवई कुणी उठवली ते कळलं नाही, पण बाहेरगावचा एक व्यापारी दिवस उगवायला बाजाराच्या तोंडाशी हजर होता आणि एका नोटेला आठ आणे देत होता. झुंबड उडाली. मामांच्या टट्टाचा वाटेत नाल निखळला, त्यामुळे ते पोचले ते भर दुपारी. मी पुढे होऊन सगळी हकिगत सांगितली. ते घोंगडी अंथरून बसले. थैलीत चांदीचे दीडशे रुपये होते. आठ आण्यांनी नोटा घेऊन नाशिकला नेल्या असत्या, तर एका दिवसात पाच वर्षांची कमाई झाली असती, आणि हे त्या बाजारात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली आली ती एक म्हातारी. लुगड्याच्या गाठीत चार नोटा. मोळ्या वाहून तिने त्या मिळवल्या होत्या.

"बाबा, आठ आनं दे. पन आजच दे."

"आठ का?" मामा म्हणाले. "मी भाव सांगितला का तुला?"

"तो तिकडं आठ देतो."

"मग इकडं का आलीस?"

"तूच सांगतोस, दोन जागी इचारायचं."

मामांनी दगड पुढे ओढला. मग थैलीत हात घालून त्यांनी चार रुपये काढले, एकेक करून दगडावर वाजवले आणि तिच्या ओंजळीत टाकले. नेहमीचा पैसासुद्धा कापला नाही. तासाभरात थैली रिकामी झाली आणि समोरची रांग तशीच. तेव्हा ते उठले आणि मिठाच्या दुकानदाराकडे गेले. "यांच्या नोटा पूर्ण रुपयाने घे आणि मीठमिरची दे."

"आणि उद्या कागद मेला तर?"

"तू घेशील ती प्रत्येक नोट पुढच्या बाजारी मी चांदीने घेईन. माझा शब्द."

दुकानदाराने तराजू उचलला. त्याचं बघून कापडवाल्यानेही नोटा घेतल्या. दिवस कलायच्या आत तो बाहेरचा व्यापारी आपलं बोचकं बांधून चालता झाला.

मामा त्र्यंबकच्या वाटेने नाशिकला गेले. नोटा चालत होत्या, पण चांदीचाच दुष्काळ होता. सराफांनी रुपयामागे दोन आणे कापले. तोटा भरून काढायला मामांनी टट्टू तिथेच विकलं आणि पुढच्या बाजारी चांदीची थैली खांद्यावर घेऊन ते पायी खोडाळ्यात आले. दोन्ही दुकानदारांची नोट न् नोट त्यांनी उचलली. मामींनी विचारलं, "सगळ्यांना शहाणपण शिकवता, मग स्वतः का नाही शिकलात?" मामा म्हणाले, "माझा धंदा बट्ट्याचा आहे, लुटीचा नाही." पुढे ते जव्हारहून पायीच येत.

त्या बाजाराची गोष्ट सांगताना मात्र त्यांना स्फुरण चढे. "त्या दिवशी आपल्या ओळखीच्या एकही माणूस मी लुटला जाऊ दिला नाही," असं ते आमच्या ओटीवर बसून पुनःपुन्हा सांगत, आणि मी सुपारी कातरत खाली मान घालून ऐके. कारण मामा यायच्या आधी, सकाळच्या त्या गडबडीत, माझ्या पगारातल्या आठही नोटा मी त्या व्यापाऱ्याला आठ-आठ आण्यांनी देऊन चुकलो होतो. हिला न विचारता. आमचा तो महिना कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. पण हिनेसुद्धा मामांजवळ कधी तोंड उघडलं नाही.

एकदा, अगदी उतारवयात, ते आमच्याकडे पडून होते. मध्येच म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या वेळच्या नोटांचं काय झालं हो?"

मी म्हटलं, "खर्चाला लागल्या."

त्यांनी बोटाच्या पेराने भिंत एकदा वाजवून पाहिली. "बरं झालं," म्हणाले आणि कुशीवर वळले.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. खरं सांगितलं असतं, तर ते रागावले नसते. पोटभर हसले असते, आणि मग मला समोर बसवून पहिल्यापासून सगळं शिकवायला घेतलं असतं.