बन्सीभाऊ आणि निळ्या चिठ्ठीच्या तबकड्या

बन्सीभाऊंची आणि माझी पहिली ओळख रागातून झाली. त्या वेळी आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, धुळ्यात देवपूरच्या शाळेत शिकवत. बाजार बंद असे त्या दिवशी दुपारी ते "भाऊंकडे जाऊन येतो" म्हणून पांझरेचा पूल ओलांडून जात आणि जेवण निवून गेले तरी परतत नसत. भाऊंची कापसाची वखार मला ठाऊक होती. शाळामास्तराचे कापसाच्या वखारीत काय काम, हे मात्र कळेना. एके दिवशी मी डबा घेतला आणि तशीच जाऊन उभी राहिले.

आत सरकीचा वास भरला होता. रुईच्या गठाणींमध्ये तीन माणसे डोळे मिटून बसली होती. एक आमचे मास्तर. दुसरे पिंपळनेरकडचे शेतकरी धुडकूआबा, फेटा मांडीवर काढून ठेवलेले. तिसरे, पांढरी टोपी घातलेले, स्वतः बन्सीभाऊ. मध्ये चावीचा फोनो वाजत होता. असे संगीत मी कधी ऐकले नव्हते. त्यात शब्द नव्हते आणि तबलाही नव्हता. कोणीतरी लांबच्या डोंगरावरून हाक मारत आहे, असे वाटत होते. तबकडी संपल्यावर भाऊंनी डोळे उघडले, माझ्या हातातला डबा पाहिला आणि ते म्हणाले, "मास्तर, वहिनी भांडायला आल्यात. आधी तुम्ही जेवून घ्या, मग त्या भांडतील." मला हसू आले. भांडण राहून गेले, आणि त्या दिवसापासून त्या बैठकीत माझीही जागा झाली.

या गौरवग्रंथात भाऊंच्या व्यापाराबद्दल आणि शाळा-पाणपोईच्या कामांबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकले ते मास्तर वाचनालयातून आणत त्या पुस्तकांवर, चुलीपाशी बसून. तेव्हा मी मला माहीत आहे तेवढेच लिहिते.

त्या तबकड्या भाऊंकडे कशा आल्या, ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगतात. मुंबईला रुईच्या सौद्यासाठी गेले असताना एका ठिकाणी रशियाचे चित्रांचे आणि पुस्तकांचे प्रदर्शन उठत होते. उरलेसुरले सामान विकायला काढले होते. त्यात एक जाड लाकडाची सुबक पेटी होती. भाऊंनी घेतली ती पेटी. आत काय आहे ते घरी आल्यावर उघडून पाहिले. भाऊंच्या पत्नींना, आमच्या भाभींना, पेटी पापड ठेवायला हवी होती. "पापड बाहेर वाट बघतात आणि पेटीत रशिया बसलाय," असे त्या कितीतरी दिवस म्हणत. शेवटी पेटी भाभींना मिळाली. तबकड्या भाऊंनी वखारीत नेल्या आणि लांब धाग्याच्या उत्तम रुईत एकेक गुंडाळून ठेवल्या. नमुन्याची रुई अशी वापरली म्हणून बाजारातले लोक चिडवत, "शेठ, तुमचे रशियावाले आले ना, तर पहिलं तुमचंच दुकान घेतील." भाऊ म्हणत, "घेऊ देत. फोनो तेवढा मागून घेईन."

तबकड्यांवरची अक्षरे आम्हा कोणालाच वाचता येत नव्हती. तेव्हा संगीतकारांना आम्हीच नावे दिली. पहिल्या दिवशी मी ऐकली ती तबकडी पहिल्यांदा लागली, तेव्हा धुडकूआबा ताठ बसून म्हणाले होते, "हाई तं आमना डोंगरनी पावरी शे!" साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातले लोक पावरी फुंकतात, तसाच तो सूर होता. म्हणून ते झाले पावरीवाले. दुसरे एक विहीरवाले, कारण त्यांचे सूर रहाटासारखे खाली जाऊन भरून वर येत. रशियाचे जे थोर संगीतकार म्हणून मासिकांत छापून येत, त्यांत हे बसत असतील असे आम्हाला वाटत नव्हते. भाऊ म्हणत, "मोठ्यांना ऐकायला जग आहे. यांना आपण ऐकू."

भाऊंचा एक नियम होता. नवी तबकडी चौघे हजर असल्याशिवाय लावायची नाही. ऐकलेली कितीदाही ऐका, पण नवी सगळ्यांनी मिळून. सौद्यात माल सर्वांसमोर उघडतात, तसे हे, असे ते सांगत.

पावरीवाल्यांची मोठी रचना मधोमध निळी चिठ्ठी डकवलेल्या चार तबकड्यांवर होती. अक्षरे वाचता आली नाहीत तरी आकडे वाचता येत होते, म्हणून त्यांचा क्रम आम्ही लावला होता. तीन ऐकून झाल्या होत्या. तिसरीच्या शेवटी सगळी वाद्ये एकदम थांबतात आणि एकटी बासरीच काहीतरी विचारते. मास्तरांना त्या प्रश्नाने वेड लावले होते. भाकरी खाताना मध्येच थांबून ते मला म्हणत, "काय उत्तर देईल गं तो माणूस?" चौथी तबकडी आबा आले की लावायची होती. आबांची काढणी सुरू होती. काही आठवडे ते येऊ शकले नाहीत, आणि तेवढ्यात मास्तरांना विषमज्वर झाला.

आता जे लिहिते ते भाऊंना आवडणार नाही. पण ते लिहिण्यासाठीच मी लेखणी हाती घेतली आहे.

मास्तरांचा ताप उतरेना तेव्हा एके दुपारी भाऊ आमच्या दारात आले. फोनो खांद्यावर आणि निळ्या चिठ्ठीची चौथी तबकडी रुईत गुंडाळून छातीशी. वखारीत हमाल असताना पूल ओलांडून त्यांनी फोनो स्वतः आणला होता. सदरा घामाने भिजला होता. "मास्तर, आज शेवट ऐकू," ते म्हणाले.

मास्तरांनी विचारले, "आबा कुठे?"

"आबांची काढणी आहे. ते नाही येत."

"मग थांबू."

"एवढा एकदा नियम मोडू, मास्तर. नियम माझा आहे, मी मोडतो."

मास्तर हसले. हसताना त्यांना खोकला आला. म्हणाले, "व्यापाऱ्याने शब्द मोडायचा आणि मास्तराने त्याला साथ द्यायची? शाळेत तोंड कसं दाखवू? तबकडी कुठे पळून जाते का?"

भाऊ बराच वेळ उशाशी बसले आणि फोनो उचलून तसेच परत गेले. त्याच आठवड्यात मास्तर गेले.

दुखवट्याला भाऊ आले, भिंतीला टेकून बसले आणि उठून गेले. मी घराबाहेर पडणे सोडले. वाचनही सोडले. मास्तरांनी अर्धवट ठेवलेल्या पुस्तकातली खूण मी हलवली नव्हती. वर्ष सरले तरी मी तशीच होते. तेव्हा एक दिवस धुडकूआबा आले, उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, "बहीण, चौथी तबकडी तशीच शे. तू ऊनी नही तं आम्ही बी ऐकाव नहीत." वर्षभर भाऊंनी ती तबकडी कोणाला ऐकू दिली नव्हती, स्वतःही ऐकली नव्हती.

मी म्हटले, "आबा, नवऱ्यामागे बाई वखारीत बाजा ऐकायला बसते, असं लोक म्हणतील."

आबांनी ते जाऊन सांगितले असावे. पुढच्या सुट्टीच्या दिवशी भाभी स्वतः मला न्यायला आल्या. पाहते तर फोनो वखारीतून उठून भाभींच्या माजघरात आला होता. आम्ही बायका आत बसलो. भाऊ आणि आबा बाहेर ओट्यावर बसले, दाराकडे कान करून. स्वतःच्या फोनोपासून स्वतःच बाहेर बसलेला मालक मी दुसरा पाहिला नाही. गावात कोणी बोलायला जागाच राहिली नाही.

भाभींनी चावी दिली. चौथी तबकडी सुरू झाली. आईने बाळाला झोपवताना गुणगुणावे असा तो सूर होता. मी मोठ्याने रडले. वर्षभरात मला तसे रडता आले नव्हते. बाहेरून आबांचे नाक ओढणे ऐकू येत होते. मी बाहेर आले तेव्हा भाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी सक्ती करायला हवी होती. माझ्या नियमापायी मास्तरांचा शेवट ऐकायचा राहिला."

मी पुष्कळ सांगितले, की थांबायचे मास्तरांनीच ठरवले होते. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांच्या मनाला पटले नाही. बैठक पुढे चालू राहिली. माजघरात मी बायकांना वाचून दाखवू लागले. पुढे त्यांतल्या कितीजणी स्वतः वाचायला शिकल्या. त्या दुपारींनी मला पुन्हा माणसांत आणले, आणि हे ऋण मी आनंदाने वागवते. पण तिसरी तबकडी लागली आणि बासरी विचारू लागली, की भाऊ काहीतरी काम काढून उठून जात.

मग रशियाहून आपला कापूस पाहायला काही पाहुणे आले. त्यांचा दुभाषी छान पुस्तकी हिंदी बोलत असे. भाऊंनी त्याला घरी आणून तबकड्या समोर ठेवल्या. पावरीवाल्यांची चिठ्ठी वाचून तो चकित झाला. पावरीवाले म्हणजे डोंगरातल्या मेंढपाळांची गाणी गावोगाव फिरून गोळा करणारा माणूस. दुभाषी म्हणाला, "इन्हें तो हमारे यहाँ भी कम लोग जानते हैं. कुछ साल इनका संगीत बजता ही नहीं था."

"का?" मी विचारले.

त्याने खिडकीबाहेर पाहिले आणि आवाज खाली आणला. "मौसम अच्छा नहीं था, बहनजी."

धुडकूआबा म्हणाले, "त्यास्ले सांगा, आमना धुयामा पावरीवाला बठ्ठास्ले माहीत शे."

हशा ओसरल्यावर दुभाष्याने चौथी तबकडी हाती घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "यह उनकी नहीं है." ती दुसऱ्याच कोणाची होती, एका बाईंनी रचलेली, आणि त्यांचे नाव तर त्यानेही ऐकले नव्हते. निळी चिठ्ठी आणि पुढचे आकडे पाहून ती आम्हीच जुळवली होती. पावरीवाल्यांची खरी चौथी तबकडी पेटीत कधी नव्हतीच.

भाऊंचा चेहरा उतरला. आणि मला, का कोण जाणे, हसू फुटले. मी म्हटले, "भाऊ, म्हणजे मास्तरांचं काहीच राहिलं नाही. आपल्यापैकी कोणीच शेवट ऐकलेला नाही. ते आपल्याबरोबरीनेच थांबलेत."

टोपी काढून भाऊंनी डोळे पुसले आणि भाभींना हाक मारली, "अहो, तिसरी लावा." त्या दिवशी बासरीने विचारले तेव्हा ते उठले नाहीत.

दुभाष्याने खरी चौथी शोधून पाठवायचे कबूल केले आहे. ती अजून आलेली नाही. देश लांब आहे, आणि मौसमही सांगता येत नाही.

आज भाऊ साठीत पाऊल टाकत आहेत. त्यांच्याकडून मी इतके घेतले, की द्यायला काही उरलेले नाही. म्हणून त्यांच्याच नियमाची त्यांना आठवण करून देते. नवी तबकडी सर्वजण हजर असल्याशिवाय लागायची नाही. धुडकूआबा अजून काठी न घेता पिंपळनेरहून येतात. मी आहे. मास्तरांची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. तेव्हा भाऊ, ती तबकडी दहा वर्षांनी येवो की वीस, फोनोला चावी द्यायला तुमचे हात खणखणीत हवेत. त्याआधी कुठे जायची तुम्हाला परवानगी नाही.