जल्लादाचा गुडघा आणि माझी कुजबुज

माझ्या मुलाच्या कार्यक्रमाचं वाटोळं मी केलं, हे खरं आहे. (तो ऐकत कोण होतं, हेही कुणीतरी विचारावं.)

आमचा सुभाष कापड मार्केटात साड्या विकतो आणि सुट्टीला पॉडकास्ट करतो. विषय कुस्ती. मातीतली नव्हे, टीव्हीवरची, ज्यात चकचकीत चड्डीतले पैलवान एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालतात.

"पॉडकास्ट म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"रेडिओसारखं, माय. पण कधीही ऐकता येतं."

"म्हणजे कधीच नाही ऐकलं तरी चालतं!"

त्याला ते लागलं, कारण सूनबाईही तेच म्हणत होती. लता घरी साड्यांना लेस लावते. या पॉडकास्टपायी तिचं शिलाई मशीन आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात आलं होतं आणि गिऱ्हाइकांच्या साड्यांवर फोडणी उडत होती. तिनं सांगून टाकलं, "आता एकच भाग. तोही कुणी ऐकला नाही, तर मशीन परत आत!"

मग सुभाषनं खरा पैलवानच बोलावला. कडोदऱ्याचा, अंगानं कपाटाएवढा, रिंगणातलं नाव 'जल्लाद'! दिवस यंत्रमागांच्या सुट्टीचा धरला. एरवी मागांच्या खडखडाटात आमच्या लिंबायतच्या गल्लीत देवळातली घंटासुद्धा ऐकू येत नाही. आवाज घुमू नये म्हणून खोलीभर गोधड्या टांगल्या. मला दम भरला, "माय, यांच्या कुस्त्या आधी ठरलेल्या असतात, हे चुकूनही काढायचं नाही. त्या धंद्यात ते पाप आहे!"

"मी कशाला काढू?"

जल्लाद आला, दारात चपला काढून माझ्या पाया पडला. सुभाषनं पहिला प्रश्न सुरू केला. तो प्रश्न काही संपेना! जल्लाद उत्तराला तोंड उघडायचा, की सुभाष पुढं सुरू. बिचारा नुसता 'आ' करायचा आणि मिटायचा.

स्वयंपाकघरात मला राहवेना. मी लताच्या कानात हळूच म्हटलं, "अगं, परवा टीव्हीवर हा पडला, तो ठरवूनच ना?"

आता, माझी सगळी उमर मागांवर गेली. तिथं शेजारणीला मीठ मागायचं तरी बोंबलावं लागतं. माझं 'हळूच' समोरच्या इमारतीत गेलं. (तिथून एक बाई म्हणाली, "हो मावशी, ठरवूनच!")

सुभाषचं तोंड कोऱ्या कापडासारखं झालं. जल्लाद उठला, तो डोक्यावर गोधडी घेऊनच. गोधडीतूनच गरजला, "कोन बोलनं?"

"मी!" म्हणत मी आत गेले. "बठ खाली. पडताना लागतं कुठं, ते सांग."

तो बसला. गोधडी बाजूला केली.

"गुडघ्याला, माय. आपण ठरवून पडलो, तरी जमीन काही ठरवून मऊ होत नाही."

"तुझी आई बघते?"

"बघते ना. म्हणते, कधीतरी जिंकत जा की रे."

"मग?"

मग तो जो सुटला! बसमध्ये त्याला बघून लेकरं कशी भोकाड पसरतात, सोयरीक जुळता जुळता पोरीचा बाप टीव्ही कसा लावून बघतो, सगळं सांगितलं. मध्येच सुभाष म्हणाला, "तर मित्रांनो..."

"गप रे! पाहुणा बोलतोय."

तो भाग लोकांनी ऐकला, एकमेकांना पाठवला. खाली कुणीतरी लिहिलं, 'मावशींना ठेवा, भाऊंना साड्या विकू द्या.' सुभाषनं मुकाट्यानं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. लतानं फोडणी जोरात टाकली.

पुढच्या वेळी बारडोलीचा पैलवान आला. मी ठेवणीतली साडी नेसून बसले. चांगल्या यजमानानं थोडकं विचारावं, आपण गप्प राहावं आणि पाहुण्याला बोलू द्यावं, हे मी त्याला अगदी पहिल्यापासून समजावून सांगितलं. दाखले दिले. सुभाषच्या चुका सांगितल्या. सांगून होईपर्यंत त्याच्या बसची वेळ झाली. तो बिचारा 'नमस्कार' एवढंच बोलला, येताना आणि जाताना.

त्याच संध्याकाळी लतानं मशीन आतल्या खोलीत नेलं. दुसऱ्या बाजूनं मीच धरलं होतं.